दहा पुडे आणि एक दाढ

परीक्षकांनी पाय मुरगळल्याचं कारखान्याला कळवलं. दाढ काढली हे कळवणं त्यांना परवडणारं नव्हतं.

गेली चोवीस वर्षं ते एका बिस्किटांच्या कारखान्यात कुरकुरीतपणा तपासत होते. ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटते, पण हे रीतसर पद आहे. पदाला खोली आहे, खोलीला जाड दार आहे आणि दारावर ‘आत चावणे चालू आहे, आवाज करू नये’ अशी पाटी आहे. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक लॉटमधली तीन बिस्किटं बशीतून त्यांच्यापुढे यायची. पहिलं ते पुढच्या दातांनी तोडायचे, दुसरं सुळ्यांच्या बाजूने, तिसरं थेट दाढेखाली. डोळे मिटून ऐकायचे, भांड्यात थुंकायचे, चूळ भरायचे आणि एक ते नऊमधला एक आकडा लिहायचे. पाचाच्या खाली आकडा आला तर गाडी फाटकातून बाहेर पडायची नाही. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. परीक्षकांचं चोवीस वर्षं दातांवरच भरत होतं.

महिन्यापूर्वी त्यांच्या शेजारच्या टेबलावर एक यंत्र येऊन बसलं. आकाराने शिलाई मशीनएवढं. त्यात बिस्किट ठेवलं की वरून एक पातळ पट्टी खाली यायची, बिस्किट तुटायचं आणि खिडकीत आकडा दिसायचा, तोही दशांशात. ते चूळ भरत नसे. हे यंत्र आणलं होतं नव्या मॅनेजरबाईंनी. त्या आधी रंगाच्या कारखान्यात होत्या, आणि तिथे रंग चाटून बघणारा कुणी नव्हता, असं त्या पहिल्याच बैठकीत म्हणाल्या होत्या.

“एक महिना दोघंही तपासा,” बाई म्हणाल्या. “मशीनही आणि तुम्हीही. मग बघू.”

‘मग बघू’ हे शब्द त्या कारखान्यात याआधी तीनदा वापरले गेले होते. एकदा उपाहारगृहाबद्दल, एकदा मालाच्या लिफ्टबद्दल आणि एकदा रंगरूप विभागाच्या प्रमुखांबद्दल. तिन्ही नंतर कुणी बघितलेली नाहीत.

आणि नेमक्या चौथ्या आठवड्यात खालची उजवी अक्कलदाढ सुजली.

दातांच्या डॉक्टरबाईंनी फोटो काढून उजेडात धरला. “बाकीच्या दाढा उभ्या आहेत,” त्या म्हणाल्या. “ही आडवी पडलीय. शेजारणीला टेकून झोपलीय. किती दिवस दुखतेय?”

“पाच वर्षं. अधूनमधून.”

“मग आजच कसे आलात?”

“आता अधूनमधून थांबते.”

पाऊण तास काम चाललं. हाड जुनं होतं, दाढ हट्टी होती, शेवटी तिचे तीन तुकडे करावे लागले. मग डॉक्टरबाईंनी जखमेवर कापडाची घडी ठेवली, ती चावून धरायला सांगितली आणि बोलता न येणाऱ्या माणसाला सूचना द्यायला सुरुवात केली. दहा दिवस कडक काही खायचं नाही. नळीने काही प्यायचं नाही. जोरात चूळ भरायची नाही. थुंकायचं तर अजिबात नाही. खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते, तिच्यावरच सगळी मदार. ती उखडली तर आत्ताचं दुखणं म्हणजे गुदगुल्या वाटतील.

परीक्षकांनी खिशातलं पेन काढून औषधाच्या चिठ्ठीमागे लिहिलं : ‘थुंकणे हा माझ्या कामाचा भाग आहे.’

डॉक्टरबाईंनी ते दोनदा वाचलं. “काय करता तुम्ही?”

‘बिस्किटे चावतो.’

“मग आठ-दहा दिवस दुसऱ्या कुणाला तरी चावू द्या,” डॉक्टरबाई म्हणाल्या आणि निघता निघता अक्कल काढून ठेवल्याबद्दलचा विनोद केला. खाली औषधवाल्याने तोच केला. घरी आल्यावर आईने केला. तिघांनाही तो आत्ताच सुचला होता.

घरात तीन माणसं. परीक्षक, त्यांची बायको आणि त्यांची आई. बायको पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत होती. शहरभरातून बाटल्या यायच्या, ती पाणी तपासायची, आकडे लिहायची. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती आणि दातांच्या बाबतीत तिने सगळी हौस फेडून घेतली होती. आता तिची कवळी दिवसातून दोनदा तोंडात आणि उरलेला वेळ भांड्यात असायची.

“माझे बत्तीसच्या बत्तीस गेले,” आई म्हणाली. “पण पाय मुरगळला म्हणून मी कुणाला सांगितलं नाही.”

‘तुला नोकरी नव्हती,’ परीक्षकांनी कागदावर लिहिलं.

“तुला, तुझ्या बापाला आणि तुझ्या दोन काकांना जेवायला घालायचे. ती काय हौस होती?”

परीक्षकांनी पेनाचं टोपण लावलं. लिहून भांडण्यात माणूस नेहमी एक वाक्य मागे राहतो.

बुधवारी मॅनेजरबाईंचा फोन आला. परीक्षकांच्या गालावर टॉवेलात गुंडाळलेला बर्फ होता, त्यामुळे बायकोने घेतला.

“पाय कसा आहे साहेबांचा?”

“सुजलाय. त्यांना बोलता येत नाहीये.”

“पायामुळे?”

“झोपलेत,” बायको म्हणाली. ती खोटं बोलायला बसली की आधी खरं तेच बाहेर पडायचं, मग ती त्यावर झाकण शोधायची.

बाईंनी फार चौकशी केली नाही. मुदत शनिवारी संपतेय, म्हणाल्या. शेवटची एक चाचणी राहिलीय. दहा पुडे घरी पाठवते, साहेबांनी बसल्या जागी तपासावेत, शुक्रवारी कागद पाठवावा, सोमवारी बैठक. “पायाने काही करायचं नाहीये,” बाई म्हणाल्या. “दात बरे आहेत ना?”

“दात बरेच आहेत,” बायको म्हणाली. एकतीस होते, त्या अर्थाने हे खरं होतं.

गुरुवारी दुपारी कारखान्याचा ड्रायव्हर खोकं घेऊन आला. बायको कामावर होती. आई कवळी शोधेपर्यंत घंटा तीनदा वाजली, म्हणून परीक्षक स्वतःच तरातरा चालत गेले आणि दार उघडलं. मग त्यांना आठवलं आणि त्यांनी दाराला धरून एक पाय उचलला.

ड्रायव्हरने पायाकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे. उजवा गाल कानापर्यंत तट्ट फुगला होता.

“साहेब, पाय मुरगळला म्हणे.”

“हं.”

“सूज मात्र गालावर आलीय.”

“वर चढली,” मागून आई म्हणाली. “उताणा झोपतो ना. कितीदा सांगितलं, कुशीवर झोप.”

ड्रायव्हरने यावर विचार केला. मग आपल्या साडूचंही असंच झालं होतं, त्याची तर खांद्यात अडकली होती, असं सांगून खोकं ठेवून तो निघून गेला.

पुड्यांना वेष्टन नव्हतं. नुसता पांढरा कागद आणि त्यावर एक ते दहा आकडे. सोबत परीक्षकांचा नेहमीचा तक्ता, त्यांनी स्वतः आखलेला. चावा, आवाज, भुगा, दाताला चिकटणं असे चार रकाने, आणि शेवटी एकूण आकडा.

संध्याकाळी बायको आली, हातपाय धुतले, चहा घेतला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. परीक्षकांनी खिडक्या लावल्या. पंखा बंद केला. फ्रिज घुरघुरत होता, त्याचं बटण बंद केलं. आईला खुर्ची न सरकवण्याची अट घालून आत घेतलं. आता ते थोडं बोलू शकत होते, पण जबडा उघडत नसल्यामुळे सगळं दात मिटून बोलावं लागे, आणि त्यामुळे साधं ‘पाणी दे’सुद्धा दातओठ खात म्हटल्यासारखं वाटे.

“माझ्या कानाजवळ ये,” ते म्हणाले. “आणि चाव.”

“कुठे चावू?”

“बिस्किट चाव.”

बायकोने पहिल्या पुड्यातलं बिस्किट तोडलं. परीक्षकांनी डोळे मिटले.

“काय वाटलं?”

“तुटलं.”

“ते कळलं. कट झालं, की कर्र झालं?”

“अहो, बिस्किट आहे. बिस्किटासारखं झालं.”

“भुगा जिभेवर पसरला, की एका जागी राहिला?”

“मी गिळला तो.”

“गिळायचं नसतं!”

“मग काय करायचं?”

“थुंकायचं.”

“स्वयंपाकघरात?” बायकोने त्यांच्याकडे असं बघितलं की चोवीस वर्षांच्या कार्यपद्धतीतला एक टप्पा तिथल्या तिथे रद्द झाला.

दुसरा पुडा झाला, तिसरा झाला. दर पुड्याला तीन बिस्किटं, पुढचे दात, बाजूचे दात, दाढ. बायकोने काम म्हणून घेतलं की ती ते नीट करायची. मध्ये कोमट पाणी पीत होती, दर वेळी तेवढ्याच ताकदीने चावत होती. सहाव्या पुड्याला तिने तक्ता स्वतःकडे ओढला आणि स्वतःच लिहायला लागली. दहावा झाल्यावर पेन खाली ठेवलं.

परीक्षकांनी तक्ता बघितला. प्रत्येक ओळीत तेच. चावा सारखा, आवाज सारखा, भुगा सारखा, चिकटणं सारखं. शेवटच्या रकान्यात दहाही वेळा सहा.

“हे काय?”

“सगळे सारखे आहेत.”

“सारखे कसे असतील?”

“ते मला काय माहीत? आहेत.”

“चौथ्याचा आवाज जरा बसका नव्हता?”

“नव्हता.”

“आठव्याचा?”

“नव्हता. आमच्याकडे शंभर बाटल्या येतात, त्यातल्या अठ्ठ्याण्णव सारख्या निघतात. सारख्या आल्या की आम्ही सारखं लिहितो आणि घरी जातो.”

“तुमचं पाणी आहे,” परीक्षक म्हणाले. “आमच्याकडे सगळं सारखंच असेल तर त्यांना मी कशाला हवा?”

यावर बायकोने टेबलावरचा भुगा गोळा केला. ती वाक्यं ऐकायची, पण उत्तर असलं तरच द्यायची.

“मला विचारशील तर सगळे कडक,” आई म्हणाली. तिने मधल्या मधे तिसऱ्या पुड्यातलं एक लांबवलं होतं. “शून्य दे.”

रात्रीच्या जेवणाला गार दूध आणि कुस्करलेलं केळं होतं. तिसऱ्या दिवशीचं तिसरं केळं. बायकोने फ्रिज पुन्हा चालू केला आणि तक्त्यावर पाण्याचा तांब्या ठेवला, उडू नये म्हणून.

शुक्रवारी सकाळी बायको कामावर गेली. परीक्षक तक्ता घेऊन खिडकीशी बसले. खाली सही करून लिफाफ्यात घालायचा, एवढंच काम होतं. त्यांनी तक्ता आडवा धरून पाहिला, उभा धरून पाहिला. दहा सहा. एखाद्या शाळकरी मुलाने पाढा लिहायचा कंटाळा करावा तसं ते दिसत होतं. बाई हा कागद उचलतील आणि म्हणतील, चोवीस वर्षं आपण या माणसाला दहा वेळा सहा लिहिण्याचा पगार देतोय.

मग हळूहळू त्यांना आठवायला लागलं. चौथ्याचा आवाज बसकाच होता. काल फ्रिज बंद केल्यावर जी शांतता झाली, तिच्यात तो स्पष्ट ऐकू आला होता. आठवा उलट फार कोरडा, वाळलेली काटकी मोडल्यासारखा. दुसऱ्यात एक दबकेपणा होता. जाणकार माणसाला फरक असला तर कळतोच, आणि नसला तर थोडा वेळ लागतो. साडेदहा वाजता त्यांनी नवा तक्ता घेतला. सात, पाच, सहा, चार. ‘भुगा किंचित रवाळ, तथापि सुसह्य.’ बाराच्या सुमारास तक्ता पूर्ण झाला तेव्हा त्यातलं एकही अक्षर खोटं आहे असं त्यांना वाटत नव्हतं. जुना तक्ता त्यांनी फाडला. बायकोने संध्याकाळी विचारलं, “पाठवलात?” ते म्हणाले, “पाठवला.”

सोमवारी सूज बरीच उतरली होती. चेहरा एखाद्या खात्यापित्या माणसाचा वाटावा इतपतच उरली होती. परीक्षक डाव्या पायाने लंगडत मॅनेजरबाईंच्या खोलीत गेले. आत बाई होत्या, आणि बैठकीची टिपणी लिहायला आस्थापनेचे जुने कारकून होते, ज्यांना सगळे नाना म्हणत. यंत्र नव्हतं. त्याचा निकाल कागदावर आला होता.

“बसा. पायाला त्रास देऊ नका,” बाई म्हणाल्या. त्यांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. “मी जरा स्पष्टच सांगते. ते दहाही पुडे एकाच लॉटमधले होते. एक भट्टी, एक पाळी, एकच ट्रे. मीच भरून घेतले.”

नानांनी लिहायचं थांबवून वर बघितलं.

“फसवायचं म्हणून नाही,” बाई म्हणाल्या. “सारख्याला सारखं म्हणता येतं का, एवढंच बघायचं होतं. मशीनने त्याच्या मापात दहाही वेळा साधारण एकतीस दिले. थोडं इकडे, थोडं तिकडे. तुम्ही चारपासून आठपर्यंत दिलेत. तुमच्या कागदाप्रमाणे चौथा पुडा बाजारात जायलाच नको होता. त्याचेच भाऊबंद शनिवारी गेलेसुद्धा.”

परीक्षकांनी आपल्या कागदावरचा चार बघितला.

“तुमच्याबद्दल मला आदर आहे,” बाई पुढे म्हणाल्या, आणि ते खरंही होतं. “वयाने डोळे जातात, कान जातात, तसे दातही. त्यात लाज कसली? तुमचं पद आम्ही बंद करतोय, पण तुम्हाला नाही. खोक्यांच्या गोदामात जागा आहे. पगार तोच. खुर्ची आहे, खिडकी आहे. नाना, लिहा. परीक्षकांच्या दातांची पारख वयोमानानुसार कमी झाल्यामुळे—”

“थांबा,” परीक्षक म्हणाले.

नाना थांबले.

“ते माझे दात नव्हते.”

“म्हणजे?”

“पुडे माझ्या दातांनी चावलेच नाहीत. बायकोच्या दातांनी चावले.”

बाईंनी नानांकडे पाहिलं. नानांनी पेनाकडे पाहिलं.

“पाय नाही मुरगळला माझा. गेल्या मंगळवारी दाढ काढली. अजून टाके आहेत.” परीक्षकांनी बोटाने ओठाचा कोपरा बाजूला ओढला. तोंड दीड बोट उघडलं आणि बाईंना एका काळ्या दोऱ्याचं टोक दिसलं. “मला चावायची बंदी होती. बायकोने चावलं. ती म्हणाली, सगळे सारखे आहेत. दहाही वेळा तिने सहाच लिहिले.”

“मग हे चार आणि आठ?”

“ते मी घातले.”

“न चावता?”

“न चावता.”

बाईंनी खुर्ची पुढे घेतली. “साहेब, तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय सांगताय? तुमचे दात चुकले असतील तर बदली होते, विषय संपतो. तुम्ही बसून आकडे रचले असतील तर ती शिस्तभंगाची गोष्ट आहे. मी ऐकलंच नाही असं करू शकते. नानाही काही ऐकत नाहीत.”

“मी काही ऐकलं नाही,” नाना म्हणाले.

सांगण्यासारखी एवढीच गोष्ट आहे, की यात प्रामाणिकपणाचा काही संबंध नव्हता. प्रामाणिक राहायची संधी परीक्षकांना शुक्रवारी सकाळी मिळाली होती, ती त्यांनी घेतली नाही. पण ‘दातांची पारख कमी झाली’ असं कारखान्याच्या कागदावर कायमचं लिहिलं जाणार, पुढच्या माणसाने ते वाचायचं, आणि एका ट्रेमधले दहा पुडे ज्याला सारखे म्हणून ओळखता आले नाहीत तो हा, असं म्हणायचं? खोटारडा म्हणवून घ्यायला त्यांची फारशी हरकत नव्हती. आपलेच दात आणि आपलेच ओठ, पण निदान दात तरी वाचायला हवे होते.

“लिहा,” ते म्हणाले. “माझ्या दातांत काही दोष नाही. दोष माझा आहे.”

नानांनी लिहिलं. मग त्यांनी एक शंका काढली. “मॅडम, पारख कुणाची धरायची? साहेबांची की वहिनींची? रकान्यात एकच नाव बसतं.”

“ते नंतर,” बाई म्हणाल्या. त्या आता थकलेल्या दिसत होत्या. “खोटा अहवाल दिला म्हणून आठ दिवस निलंबन. पुढे रीतसर चौकशी. आणि पद बंद करून गोदामात बदली, ती ठरल्याप्रमाणे पहिल्या तारखेपासून.”

“ती होणार नाही,” नाना म्हणाले.

“का?”

“नियम एकवीस. ज्याच्यावर चौकशी चालू आहे त्याचं पद बंद करता येत नाही. बदलीही करता येत नाही. चौकशी संपेपर्यंत माणूस आहे त्या जागी राहतो. पुरावा हलू नये म्हणून.”

“ठीक आहे. चौकशीला किती दिवस लागतात?”

नानांनी छताकडे बघून हिशोब केला. “शेवटची शिडीची. शिडी हरवली होती, गोदामातली. ती चालू आहे अजून.”

“कधी हरवली?”

“तेव्हा माझ्या मुलीचं लग्न व्हायचं होतं. आता नात शाळेत जाते.”

“शिडी मिळाली का?”

“मिळाली की. दुसऱ्याच आठवड्यात. आम्ही वापरतो. चौकशी चालू आहे.”

बाईंनी दोन्ही कागद एकावर एक ठेवले आणि कडा नीट जुळवल्या. रंगाच्या कारखान्यात असा नियम नसावा. परीक्षकांनाही हा नियम माहीत नव्हता. पुढे कारखान्यात कुणीच यावर विश्वास ठेवला नाही. पॅकिंगच्या बायकांपासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे त्यांना बेरकी समजायला लागले आणि वाकून नमस्कार करायला लागले, जो चोवीस वर्षं इमानाने चावून त्यांना कुणी केला नव्हता.

घरी बायको इस्त्री करत होती. आई पलीकडच्या खोलीत रेडिओशी भांडत होती. परीक्षकांनी बूट काढले, हात धुतले, आणि सगळ्यात अवघड भाग आता आहे हे त्यांना अचानक कळलं.

“ते सगळे पुडे एकाच लॉटमधले निघाले,” ते म्हणाले.

“म्हणजे मी बरोबर होते.”

“हो.”

“मग झालं की. मशीन गेलं?”

“नाही. मी तुझा कागद पाठवला नव्हता.”

इस्त्री थांबली.

“दुसरा लिहिला. आकडे बदलून.”

बायकोने इस्त्री उभी ठेवली आणि बटण बंद केलं. “माझे आकडे बदललेत?”

“मला वाटलं—”

“तुम्हाला वाटलं. चावलं मी, आणि वाटलं तुम्हाला.” तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. “मी दिवसभर उभी राहून आले होते. तीस बिस्किटं खाल्ली. मला गोड आवडतही नाही. नीट केलं होतं मी ते.”

“माहीत आहे.”

“आमच्याकडे एका बाईंनी एकदा असंच केलं होतं. बाटली फुटली, तर अंदाजाने आकडा लिहिला. साहेबांनी त्यांना काही केलं नाही. पण त्यांनी भरून ठेवलेलं पाणी आम्ही कुणी पीत नाही. बारा वर्षं झाली.”

परीक्षक उभेच राहिले. बसावं की नाही हे ठरत नव्हतं.

“मी सांगितलं त्यांना,” ते म्हणाले. “तू चावलंस, तू सारखं म्हणालीस, हे लिहून घेतलंय. चौकशी होईल. तुलाही बोलावतील.”

“मी जे होतं तेच सांगणार.”

“तेच सांग.”

“तुमची बायको म्हणून नाही सांगणार.”

“कळलं.”

बायकोने घडी घातलेले कपडे कपाटात ठेवले. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला ती हातात बॅटरी घेऊन परत आली, खुर्ची दिव्याखाली ओढली आणि म्हणाली, “बसा. आ करा.”

परीक्षक बसले. त्यांनी जमेल तेवढा आ केला. बायकोने उजेड आत टाकला आणि बराच वेळ बघितलं, बाटलीतलं पाणी उजेडात धरून बघावं तसं.

“गुठळी जागेवर आहे,” ती म्हणाली. “लाली कमी झालीय. मागच्या बाजूला थोडी सूज आहे अजून.”

“हं.”

“हे मी दिसतंय तसं सांगतेय. डॉक्टरांना सांगताना बदलू नका.”

परीक्षकांनी तोंड मिटलं आणि मान हलवली.

“उद्या टाके काढायला जायचंय,” बायको बॅटरी बंद करत म्हणाली. “रजा टाकलीत का?”

“लागणार नाही,” परीक्षक म्हणाले. “उद्यापासून आठ दिवस निलंबित आहे.”